वांगेलिस ऐकायला कुठून सुरुवात करायची, आणि कसा ऐकायचा

"वांगेलिस ऐकायचाय, काय लावू?" असं कुणी विचारलं ना की मला फार बरं वाटतं, आणि मी लगेच उलट विचारते की आत्तापर्यंत काय काय ऐकलंयस. उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं, ती 'चॅरियट्स ऑफ फायर' सिनेमातली, किनाऱ्यावर स्लो मोशनमध्ये पळणाऱ्या पोरांची धून आणि फार तर कोलंबसच्या सिनेमातलं ते कोरसवालं. दोन्ही सुंदरच आहेत, प्रश्नच नाही. पण हा ग्रीक संगीतकार साठच्या दशकापासून थेट २०२१ पर्यंत नवीन म्युझिक देत होता आणि त्यातलं जे अगदी त्याचं स्वतःचं, आतलं आहे ते या दोन ट्रॅकवरून कळतच नाही. म्हणून मी जो क्रम मित्रमैत्रिणींना सांगते तोच इथे लिहितेय. क्रम पाळाच, कारण याचे काही अल्बम असे आहेत की ते पहिल्याच दिवशी कानावर पडले तर माणूस घाबरून पळून जाईल आणि परत या बाजूला फिरकणार नाही, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटेल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. वांगेलिसला नोटेशन लिहिता वाचता येत नव्हतं. २९ मार्च १९४३ चा जन्म, ग्रीसमधल्या व्होलोस शहराजवळ आग्रिया म्हणून गाव आहे तिथला, पूर्ण नाव एव्हांगेलोस ओदिसेआस पापाथानासिऊ. चौथ्या वर्षापासून घरच्या पियानोवर स्वतःचंच काहीतरी वाजवत बसायचा, पियानोच्या आत खिळे आणि स्वयंपाकघरातली भांडी टाकून बघायचा कसा आवाज येतो ते. घरच्यांनी शिकवणी लावली पण ती काही त्याला मानवली नाही. आणि पुढे आयुष्यभर त्याने हेच केलं, बसायचं, टेप चालू करायची, वाजवायला लागायचं, बऱ्याचदा जे पहिल्या झटक्यात आलं तेच फायनल. त्यामुळे सिंथेसायझर म्हणजे मशीन, बटण दाबलं की आपोआप वाजतं, हा समज बाजूला ठेवूनच ऐकायला बसा. इथे प्रत्येक सुरामागे एका माणसाचा हात आहे आणि तो हात ओळखायला शिकणं हेच सगळं शिकणं आहे.

तयारी काय करायची

फार काही नाही. बरे हेडफोन किंवा स्पीकर, मोबाइलच्या स्पीकरवर नको, कारण याच्या म्युझिकमध्ये खालचा खर्ज आणि वरची बारीक किणकिण दोन्ही एकाच वेळी चालू असतात आणि मोबाइलवर खालचं सगळं उडून जातं. शफल बंद करा. प्लेलिस्ट नको, पूर्ण अल्बम लावा, एक ट्रॅक दुसऱ्यात विरघळत जातो तिथेच खरी मजा असते. आवाज आधी मध्यम ठेवा कारण तो अगदी हळू सुरू करतो आणि मग एकदम आभाळ फाटल्यासारखा येतो, सुरुवातीला ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवलात तर पुढे दचकाल.

आता हात कसा ओळखायचा ते. १९७७ पासून पुढचं त्याचं लाडकं वाद्य म्हणजे यामाहा सीएस-८० हा सिंथेसायझर. जवळपास १०० किलोचं धूड, एका वेळी ८ सूर वाजवता येतात. पण त्याची खरी गंमत अशी की पट्टी दाबून धरल्यावर बोटाचा दाब कमीजास्त केला की सूर बदलतो, उजळतो, थरथरतो, आणि हे प्रत्येक पट्टीला वेगवेगळं होतं. म्हणजे पाच बोटं पाच पट्ट्यांवर असतील तर त्यातलं एकच बोट थोडं जास्त दाबून तेवढाच सूर पुढे आणता येतो. शिवाय वर एक रिबन असते, तिच्यावर बोट सरकवलं की सूर घसरत जातो, आपल्या मींडेसारखा. आणि पायाखाली व्हॉल्यूमचे पेडल, ते तो सतत हलवत असायचा, एक आवाज आत येतोय, दुसरा मागे जातोय. तो वाजवत असतानाची एखादी क्लिप मिळाली तर चेहऱ्यापेक्षा पायांकडे बघा, तुम्हाला पटेल मी काय म्हणतेय ते.

सराव म्हणून 'स्पायरल' या १९७७ च्या अल्बममधला 'टू द अननोन मॅन' घ्या. साधी धून आहे, लहान पोरगं गुणगुणेल इतकी साधी, आणि ती नऊ मिनिटं चालते. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा फक्त मुख्य सुराकडे लक्ष द्या आणि प्रत्येक सूर संपताना काय होतं ते बघा, तो तुटत नाही, हळूच वाकतो किंवा थरथरत विरतो. तिसऱ्यांदा खाली चाललेली ती गोल गोल फिरणारी ओळ पकडा. खालची ओळ मशीनसारखी ठाम आणि वरचा सूर माणसासारखा हलता, हे एकदा कानाला कळलं की पुढचे सगळे अल्बम उघडायला लागतात.

पहिला टप्पा: जनावरांच्या फिल्म

हो, सिनेमे नाही, जनावरांच्या डॉक्युमेंटरी. त्याचं कसं झालं, 'अफ्रोदाइटीज चाइल्ड' हा बँड घेऊन हे ग्रीक तरुण १९६८ मध्ये लंडनला निघाले आणि पॅरिसमध्येच अडकले, तिथे तेव्हा विद्यार्थ्यांचं आंदोलन आणि संप पेटले होते. मग तिथेच राहिले, तिथेच 'रेन अँड टीअर्स' रेकॉर्ड केलं आणि ते युरोपभर गाजलं. पुढे बँड फुटला, आणि त्याच सुमारास वांगेलिस फ्रेंच दिग्दर्शक फ्रेदेरिक रॉसिफच्या निसर्गपटांना म्युझिक द्यायला लागला. त्यातला 'लापोकालिप्स दे झानिमो' हा १९७३ चा अल्बम तुमचा पहिला अल्बम. त्यात 'ला पतीत फी द ला मेर' आहे, समुद्रावरच्या छोट्या मुलीचा ट्रॅक. सहाएक मिनिटांचा असेल, त्यात जवळजवळ काहीच घडत नाही, आणि मी तो रात्रीच्या प्रवासात खिडकीशी बसून इतक्या वेळा ऐकलाय की आता नुसती सुरुवात झाली तरी आजूबाजूचा आवाज मला ऐकू येईनासा होतो. सीएस-८० तेव्हा बाजारात आलेलाच नव्हता हे लक्षात ठेवा. म्हणजे हात आधीपासूनच होता, वाद्य नंतर मिळालं.

त्याच्या जोडीला 'ऑपेरा सोव्हाज', १९७९ चा. त्यातले 'हिम्न' आणि 'लाँफाँ' हे दोन आधी. 'लाँफाँ'ची एक गोष्ट पुढे येतेय.

या टप्प्यावर घाई करू नका, आठवडाभर हे दोनच अल्बम फिरवा.

दुसरा टप्पा: लंडन, नेमो स्टुडिओ

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तो लंडनला गेला आणि मार्बल आर्चजवळ स्वतःचा स्टुडिओ थाटला, नाव नेमो. १९८७ पर्यंत तो तिथे होता आणि माझ्या मते त्याचं सगळ्यात जिवंत काम तिथलंच आहे. तिथला पहिला अल्बम 'हेवन अँड हेल', १९७५. इंग्लिश चेंबर क्वायर या गायकवृंदाचे आवाज आणि बाकी जवळपास सगळं हा एकटा. पहिल्या भागाच्या शेवटी 'यस' या बँडचा गायक जॉन अँडरसन गातो, 'सो लाँग अगो, सो क्लिअर', तोपर्यंत थांबाच, कारण आधीच्या सगळ्या गदारोळानंतर तो आवाज असा येतो की अंगावर काटा येतो.

याच अल्बमचा एक तुकडा खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनच्या 'कॉसमॉस' या टीव्ही मालिकेचं शीर्षक संगीत झाला, १९८० मध्ये. मी लहानपणी ती मालिका निम्मी त्या सुरुवातीसाठीच बघायचे, तारे पुढे येतायत आणि मागे तो पियानो. हे कुणाचं आहे ते सांगणारं कुणी नव्हतं. पुढे कितीतरी वर्षांनी एका मैत्रिणीच्या दादाने एक कॅसेट लावली, मधेच तोच तुकडा आला आणि मी बोलता बोलता गप्प झाले. दादाने नुसतं कव्हर पुढे केलं. त्या दिवसापासून हा माणूस माझा झाला, दुसरे शब्द नाहीत माझ्याकडे.

मग 'अल्बेडो ०.३९', १९७६. हा अंतराळाचा अल्बम. यातला 'अल्फा'पण 'कॉसमॉस'मध्ये होता, दोन चार सुरांपासून सुरू होऊन कसा चढत जातो ते ऐका, नवीन माणसाला वांगेलिस समजावून सांगायचा तर मी हाच ट्रॅक लावते. 'मारे ट्रँक्विलितातिस'मध्ये अपोलोच्या अंतराळवीरांचं बोलणं ऐकू येतं. आणि शेवटच्या ट्रॅकमध्ये एक माणूस शांतपणे पृथ्वीची मापं वाचून दाखवतो, अंतर, वेळ, वस्तुमान वगैरे, शेवटी पृथ्वी किती प्रकाश परत फेकते तो आकडा. तो वाचणारा त्याचा साउंड इंजिनिअर होता, कीथ स्पेन्सर-ॲलन. आकड्यांची यादी ऐकून डोळ्यात पाणी येऊ शकतं हे मला याच्यामुळे कळलं.

'स्पायरल' तुम्ही आधीच उघडलाय, आता पूर्ण ऐका. आणि मग 'चायना', १९७९. चीनला न जाता केलेला अल्बम आहे हा, आणि म्हणून काही लोक त्याला नाक मुरडतात, पण मला विचाराल तर नेमोमधला सगळ्यात देखणा अल्बम हाच. 'हिमालया' हा अकरा मिनिटांचा ट्रॅक रात्री दिवा बंद करून ऐका, चढणाऱ्या माणसाच्या श्वासासारखी लय आहे त्याची.

तिसरा टप्पा: आता सिनेमे

आता 'चॅरियट्स ऑफ फायर' लावा, १९८१. आता तो वेगळा ऐकू येईल याची मी खात्री देते. सिनेमा १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचा, जुन्या काळातले कपडे, जुनं इंग्लंड, आणि त्याला म्युझिक चक्क सिंथेसायझरचं, तेव्हा हे फार धाडसाचं होतं. दिग्दर्शक ह्यू हडसनला त्या पळण्याच्या सीनसाठी खरं तर 'लाँफाँ'च हवा होता, वर म्हटलं ती गोष्ट हीच. वांगेलिसने त्याला पटवलं की मी याहून चांगलं देतो. त्याचे वडील हौशी धावपटू होते आणि ही धून त्याने त्यांच्यासाठी केली असं तो सांगायचा. हे माहीत असलं की ती जिंकण्याची धून राहत नाही, एका मुलाने बापाला पळताना बघितलंय तशी वाटते. त्याला ऑस्कर मिळालं, तो समारंभाला गेलाच नव्हता, आणि मे १९८२ मध्ये ती धून अमेरिकेत बिलबोर्डवर पहिल्या नंबरवर होती, बिनशब्दांची पियानोची धून!

'ब्लेड रनर', १९८२. इथे एक प्रॅक्टिकल सूचना, नीट वाचा. सिनेमा आला तेव्हा खरा साउंडट्रॅक निघालाच नाही, त्या वर्षी जो अल्बम निघाला तो न्यू अमेरिकन ऑर्केस्ट्रा नावाच्या ग्रुपने परत वाजवलेला होता. वांगेलिसचा स्वतःचा अल्बम आला थेट १९९४ मध्ये. त्यामुळे शोधताना कलाकाराचं नाव बघा, वांगेलिस लिहिलेलं नसेल तर लावू नका, धून तीच असते पण हात नसतो. हीच सूचना त्याच्या सगळ्या प्रसिद्ध धूनांना लागू, बासरीवर नाहीतर हॉटेलच्या लिफ्टमध्ये वाजावं तशा ढीगभर नकला फिरतायत.

या अल्बममध्ये तो पडद्यावर चित्र बघत बघत वाजवायचा आणि ते कळतं, पाऊस, निऑनचे दिवे, धूर, सगळं सुरात आलंय. 'लव्ह थीम'मध्ये डिक मॉरिसीचा सॅक्सोफोन आहे, 'टेल्स ऑफ द फ्यूचर'मध्ये जुना बँडमधला दोस्त डेमिस रुसोस गातो. 'मेमरीज ऑफ ग्रीन' हा त्याच्याच १९८० च्या 'सी यू लेटर' अल्बममधून आलाय, पियानो जरा पाण्याखाली बुडाल्यासारखा आणि मागे कुठलंतरी बारीक इलेक्ट्रॉनिक टिकटिक. मन उदास असताना हा ट्रॅक आधार देतो, निदान मला तरी खूप वेळा दिलाय.

'१४९२', १९९२ चा, म्हणजे तोच कोलंबसचा सिनेमा, त्यातलं गाजलेलं कोरस ऐकून झालेलंच असेल, आता 'मॉनेस्टरी ऑफ ला राबिदा' ऐका. आणि 'अंटार्क्टिका', १९८३ चा जपानी सिनेमा, याची थीम सगळ्यांनी ऐकायलाच हवी.

चौथा टप्पा: ग्रीस

इथपर्यंत आलात तर मी तुम्हाला आतल्या खोलीत नेते. बहुतेक गाइड हा भाग शेवटी एका ओळीत उरकतात आणि मला ते अजिबात पटत नाही, कारण याच्या सुरांची मुळं इथे आहेत, चर्चमधला तो एका सुरावर धरलेला आधार आणि त्यावर फिरणारा गळा, डोंगरातली गाणी, नाचाचे विषम ताल. हे एकदा ऐकलं की 'ब्लेड रनर'मध्येही ग्रीस ऐकू यायला लागतं.

'ओड्स', १९७९. अभिनेत्री आयरीन पापास ग्रीक लोकगीतं गाते आणि वांगेलिस साथ देतो. 'सी यू लेटर' आणि 'चायना'च्या काळातलंच हे काम, पण बघा कसा मागे राहून वाजवतो, सिंथेसायझर पण डोंगरात वाजणाऱ्या जुन्या वाद्यांसारखा ऐकू येतो. 'मेनूसिस' लावण्याआधी त्याची गोष्ट माहीत असू द्या. मेनूसिस मित्रांबरोबर दारू पीत बसलेला असतो, त्यातला एक बोलता बोलता त्याच्या बायकोचं नाव काढतो, हा संशयाने पेटून घरी जातो आणि तिला मारून टाकतो, आणि शुद्धीवर आल्यावर तिच्यापाशी बसून रडतो. भाषा कळत नाही तरी पापासच्या आवाजात ते सगळं आहे. माझे बाबा सिंथेसायझरला कायम मशीनचं गाणं म्हणायचे, आमचे यावरून कितीतरी वाद झालेत, पण 'ओड्स' लावला तेव्हा ते वाचत असलेलं बाजूला ठेवून ऐकत बसले आणि संपल्यावर म्हणाले, परत लाव. मग ते त्यांचंच झालं, मला न विचारता लावून बसायचे.

याच जोडीचा दुसरा अल्बम 'रॅप्सडीज', १९८६, हा चर्चच्या जुन्या बायझंटाइन स्तोत्रांचा. 'ओ ग्लिकी मू एआर' हा गुड फ्रायडेला म्हटला जाणारा मेरीचा विलाप, मुलाला उद्देशून. आवाज कमी ठेवून ऐका, मोठ्याने लावायची ही गोष्ट नाही.

मग 'एल ग्रेको'. क्रीट बेटावर जन्मून स्पेनमध्ये तोलेदोला स्थायिक झालेला चित्रकार. १९९५ मध्ये वांगेलिसने याची सही केलेली मर्यादित आवृत्ती काढली आणि त्या पैशातून अथेन्सच्या नॅशनल गॅलरीला एल ग्रेकोचं सेंट पीटरचं चित्र घ्यायला मदत झाली. १९९८ मध्ये तोच अल्बम वाढवून सगळ्यांसाठी आला, त्यात ऑपेरा गायिका मॉन्सेरात काबाए गाते. सगळे तुकडे संथ, घंटा, कोरस, लांब लांब सावल्या. याच्यासाठी एखादी मोकळी दुपार काढा, मधे फोन उचलू नका.

'६६६' मात्र वेगळाच प्राणी आहे, 'अफ्रोदाइटीज चाइल्ड'चा शेवटचा अल्बम, १९७२, बायबलमधल्या प्रकटीकरणावर, शब्द कोस्तास फेरिसचे. 'द फोर हॉर्समेन'पासून सुरू करा. पापास एका ट्रॅकमध्ये किंचाळत जाते तो हेडफोनवर आणि घरात लोक असताना नको.

पुढे अंतराळ, आणि अवघड वाटा

'मिथोडिया' २८ जून २००१ ला अथेन्सला ऑलिंपियन झ्यूसच्या मंदिराच्या भग्न खांबांपुढे सादर झालं, नासाच्या मार्स ओडिसी मोहिमेच्या निमित्ताने, कॅथलीन बॅटल आणि जेसी नॉर्मन या दोन सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या ऑपेरा गायिका, मोठा ऑर्केस्ट्रा, मोठा कोरस. मिळालं तर व्हिडिओच बघा. 'रोझेटा' २०१६ चा, धूमकेतूवर उतरलेल्या यानाच्या प्रेमात पडून केलेला, सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा अल्बम आहे हे खरं वाटत नाही. जून २०१८ मध्ये स्टीफन हॉकिंगच्या अस्थी वेस्टमिन्स्टर ॲबीत ठेवल्या त्या दिवशी हॉकिंगचा आवाज याच्या संगीतात गुंफून स्पेनमधल्या अँटेनातून एका कृष्णविवराच्या दिशेने पाठवला गेला. 'जूनो टू ज्युपिटर' २०२१ मध्ये आला, त्यात अँजेला घेओर्घिऊ ही सोप्रानो गाते.

१७ मे २०२२ ला पॅरिसमध्ये तो गेला, वय ७९. बातमी वाचल्यावर मी दिवसभर काहीच लावलं नाही, लावायचं धाडस होईना. रात्री 'नॉक्टर्न' लावला, २०१९ चा, मुख्यतः पियानो, त्यात जुन्या धूनाही आहेत पण एकदम हळू वाजवलेल्या, जणू परत एकदा हात फिरवून बघतोय. नव्या माणसाला मी हा अल्बम लवकर देत नाही, आधी मूळ धूना माहीत पाहिजेत, तरच त्या म्हाताऱ्या हातांनी काय काय गाळलंय ते ऐकू येतं.

आता उरलेलं पटकन. 'सॉइल फेस्टिव्हिटीज', १९८४, पाऊस आणि मेघगर्जनेने सुरू होतो आणि पहिलाच भाग १८ मिनिटांचा, मातीत चाललेल्या बारीक जीवांचं जग, हा अवघड नाही, फक्त वेळ मागतो. 'मास्क', १९८५, कोरस आवडत असेल तर. 'डायरेक्ट', १९८८, एकाच वेळी सगळी वाद्यं हाताखाली घेऊन उत्स्फूर्त वाजवलेला. नव्वदच्या दशकातले 'व्हॉइसेस' आणि 'ओशॅनिक' मला फारसे भिडले नाहीत, तुम्हाला भिडतील कदाचित. 'बोबूर', १९७८, पॅरिसच्या पाँपिदू सेंटरवरून सुचलेला, आणि 'इनव्हिजिबल कनेक्शन्स', १९८५, या दोन्हीत धून शोधू नका, नुसते आवाज आहेत, ते कसे जन्मतात आणि कसे मरतात तेवढंच बघायचं. एका बैठकीत एक बाजू पुरे.

आणि हलकं काही हवं असेल तर जॉन अँडरसनबरोबरचे अल्बम घ्या. १९८० चा 'शॉर्ट स्टोरीज' आधी, त्यातलं 'आय हिअर यू नाऊ', मग वेगळं निघालेलं 'आय विल फाइंड माय वे होम', हे स्वयंपाक करताना किंवा गाडी चालवतानाही चालतं, पूर्ण लक्ष देण्याची अट या दोन्ही गाण्यांना नाही.